छोटा ब्लॉक की मोठा ब्लॉक?

मोटारींच्या जगातले एक कोडे पाहा. अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीने १९६५ साली एक इंजिन बाजारात आणले. त्याच्या आठ सिलिंडरांचे मिळून आकारमान ३९६ घन इंच, म्हणजे सुमारे साडेसहा लिटर होते. या इंजिनाच्या घराण्याला लोक 'बिग ब्लॉक', म्हणजे मोठा ठोकळा, म्हणतात. पुढे १९७० साली याच कंपनीने ४०० घन इंचांचे दुसरे एक इंजिन काढले. ते आधीच्यापेक्षा चार घन इंचांनी मोठे. पण त्याचे घराणे मात्र 'स्मॉल ब्लॉक', म्हणजे छोटा ठोकळा! मोठ्यापेक्षा छोटा मोठा, हे कसे काय?

उत्तर सोपे आहे. इंजिनाचा मुख्य भाग म्हणजे ओतीव लोखंडाचा एक ठोकळा असतो आणि त्यात दंडगोल पोकळ्या कोरलेल्या असतात. हेच सिलिंडर. 'व्ही-आठ' प्रकारच्या इंजिनात चार सिलिंडरांची एक ओळ डावीकडे कललेली आणि चारांची दुसरी उजवीकडे कललेली असते. दोन्ही ओळी खाली एकाच क्रँकशाफ्टला जोडलेल्या असतात. आता एका ओळीतील शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यांमधील अंतर मोजा. शेव्हरोलेच्या छोट्या ब्लॉकात ते ४.४ इंच (१११.८ मि.मी.) भरते, तर मोठ्या ब्लॉकात ४.८४ इंच (१२२.९ मि.मी.). कारखान्यातील साचे आणि यंत्रे एकदा या अंतराला बांधली गेली की ते सहसा बदलत नाही. बदलतात त्या दोन गोष्टी : सिलिंडरचा व्यास, आणि पिस्टन वरून खाली जितके अंतर जातो ते अंतर, म्हणजे धाव.

चाळीतल्या खोल्यांसारखेच हे आहे. खांब जागच्या जागी ठेवून मधली भिंत पातळ केली की खोली थोडी ऐसपैस होते, पण चाळीची लांबी वाढत नाही. एड कोल हे मुख्य अभियंता असताना छोटा ब्लॉक तयार झाला. १९५५ च्या मोटारींत तो प्रथम बसला तेव्हा त्याचे आकारमान २६५ घन इंच होते. मग २८३, ३२७, ३५० असे करीत तो ४०० पर्यंत वाढला. चारशेच्या सिलिंडरचा व्यास ४.१२५ इंच. ४.४ मधून तो वजा केला तर दोन सिलिंडरांमध्ये अवघे ७ मि.मी. लोखंड उरते. एवढ्याशा जागेत थंड पाणी खेळवायला वाव नसल्याने शेजारच्या सिलिंडरांच्या भिंती एकमेकींना चिकटवूनच ओताव्या लागल्या आणि तिथे साचणारी वाफ निघून जावी म्हणून वरच्या झाकणात, म्हणजे सिलिंडर हेडमध्ये, बारीक भोके ठेवावी लागली. तेव्हा 'छोटा' आणि 'मोठा' ही विशेषणे घराची आहेत, आतल्या पाहुण्यांची नव्हेत.

मोठ्या ब्लॉकची झेप किती, याचा अंदाज यावा म्हणून एक तुलना. १९७० साली तो ४५४ घन इंचांपर्यंत पोहोचला, म्हणजे ७.४४ लिटर. त्याचा एकेक सिलिंडर ९३० घन सेंटिमीटरचा. आपल्याकडे १९८३ साली आलेल्या मारुती ८०० चे तिन्ही सिलिंडर धरून अख्खे इंजिन ७९६ घन सेंटिमीटरचे होते!

अमेरिकेत एखादी जुनी गाडी घ्यायची, तिच्यात निवडून दुसरे इंजिन बसवायचे आणि ती शर्यतीसाठी किंवा हौसेसाठी वेगवान करायची, हा छंद फार जुना आहे. असे काम हाती घेणाऱ्यापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो तो छोटा ब्लॉक घ्यावा की मोठा, हा. प्रश्न दिसतो आवडीनिवडीचा. आहे मात्र पदार्थविज्ञानाचा. समजा, निवड तुम्हालाच करायची आहे.

दोन पंपांची गोष्ट

सायकलच्या दुकानात जमिनीवर ठेवून वापरायचा मोठा पंप असतो, आणि सायकलच्या दांडीला अडकवायचा लहान पंपही मिळतो. दोन्हींनी तीच ट्यूब भरता येते. मोठ्या पंपाने दहा-पंधरा सावकाश दाब पुरतात. लहान पंप भराभर, कितीतरी जास्त वेळा दाबावा लागतो. मिनिटाला सारखीच हवा भरायची असेल तर लहान पंपाने हात लवकर भरून येतो. हवा तेवढीच, मग थकवा जास्त का? कारण प्रत्येक दाबाच्या शेवटी तुम्हाला हात थांबवून उलट दिशेने न्यावा लागतो. हे 'थांबवणे व उलटवणे' लक्षात ठेवा. आपल्या साऱ्या प्रश्नाची किल्ली त्यात आहे.

इंजिन हाही एक पंपच आहे. पेट्रोल जळायला हवा लागते, म्हणून दर मिनिटाला जितकी हवा आत जाईल त्या प्रमाणात इंजिनाची शक्ती. चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच श्वास घेतो. शेव्हरोलेने १९६७ च्या कॅमारो झेड-२८ या गाडीसाठी ३०२ घन इंचांचा, म्हणजे ४.९५ लिटरचा छोटा ब्लॉक बनवला होता. तो मिनिटाला ७,००० फेरे घेत असता ४.९५ × ३,५०० म्हणजे सुमारे १७,३०० लिटर हवा ओढतो (सिलिंडर दर वेळी पूर्ण भरतो असे धरून). तेवढीच हवा ओढायला ७.४४ लिटरच्या मोठ्या ब्लॉकला किती फेरे लागतील? सुमारे ४,६५०. गणित वहीत करून पाहा.

म्हणजे शक्ती मिळवण्याच्या दोन वाटा झाल्या. एक, दर घासाला जास्त हवा. दोन, मिनिटाला जास्त घास.

इथे टॉर्क ही राशी नीट समजून घेतली पाहिजे. टॉर्क म्हणजे क्रँकशाफ्टला फिरवणारा जोर, बलाचे आघूर्ण; आणि शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. १९७० च्या दोन गाजलेल्या इंजिनांचे कंपनीने दिलेले आकडे घेऊ. एलएस-६ हा ४५४ घन इंचांचा मोठा ब्लॉक. त्याचा सर्वाधिक टॉर्क ३,६०० फेऱ्यांवर ६७८ न्यूटन-मीटर. एलटी-१ हा ३५० घन इंचांचा (५.७४ लिटर) छोटा ब्लॉक, त्याचा ४,००० फेऱ्यांवर ५१५ न्यूटन-मीटर. आता प्रत्येकाला त्याच्या लिटरांनी भागा. पहिल्याचे उत्तर ९१, दुसऱ्याचे ९०! मला हा भागाकार फार आवडतो. दोन्ही इंजिने वेगळी, पण एक लिटर आकारमानामागे मिळणारा टॉर्क जवळजवळ सारखा. पंख्याने हवा कोंबून भरलेली नसेल, तर लिटरमागे टॉर्क फारसा वाढवता येत नाही. टॉर्क हवा असेल तर लिटर हवेत.

याचा परिणाम गाडी चालवताना लगेच जाणवतो. ३,६०० फेऱ्यांवर मोठ्या ब्लॉकची शक्ती सुमारे ३४३ अश्वशक्ती होते. छोट्या ब्लॉकची सर्वोच्च शक्ती ३७० अश्वशक्ती, पण ती मिळायला त्याला ६,००० फेऱ्यांपर्यंत पळावे लागते. मोठा ब्लॉक ५,६०० फेऱ्यांवर ४५० पर्यंत जातो. (एक सावधगिरी : १९७१ पर्यंतचे हे अमेरिकन आकडे पंखा, सायलेन्सर वगैरे न लावता उघड्या इंजिनावर मोजलेले असत. १९७२ पासून ते सर्व लावून मोजू लागले आणि आकडे एकदम खाली आले. जुन्या-नव्या आकड्यांची थेट तुलना करू नये.)

टॉर्क कमी पडतो तर गिअरने वाढवता येणार नाही का? येतो. मागच्या धुरीचा गिअर अधिक गुणोत्तराचा घातला की चाकांना मिळणारा टॉर्क वाढतो. शक्ती मात्र गिअरने रतीभरही वाढत नाही. आणि मग त्याच वेगाला इंजिनाचे फेरे वाढतात, म्हणजे आपण पुन्हा जास्त घासांच्या वाटेवर येतो.

फेऱ्यांची किंमत

ही वाट फुकटची नाही. पिस्टन प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबून उलटतो. त्याला थांबवण्यासाठी लागणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; फेरे दुप्पट, तर बल चौपट. दोरीला दगड बांधून गरगर फिरवला असेल त्याला हा नियम हाताला ठाऊक असतो.

झेड-२८ च्या इंजिनाची धाव ३ इंच (७६.२ मि.मी.) होती. ७,००० फेऱ्यांवर, धावेच्या वरच्या टोकाला, पिस्टनचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २,६०० पट होते. पिस्टन आणि त्याच्या सोबत वरखाली होणारे भाग मिळून ६०० ग्रॅम धरले, तर त्यांना परत खेचायला कनेक्टिंग रॉडला दीड टनाहून अधिक ओढ सोसावी लागते. तीही सेकंदाला शंभराहून जास्त वेळा. जळका वायू बाहेर टाकणाऱ्या धावेच्या शेवटी तर ही स्थिती अधिक वाईट असते, कारण वरून दाबणारा वायूच नसतो. सगळी ओढ त्या रॉडवर आणि त्याच्या दोन बोल्टांवर येते. शर्यतीत इंजिन 'फुटले' असे म्हणतात तेव्हा अनेकदा हा बोल्ट किंवा रॉड तुटून ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आलेला असतो.

व्हॉल्व्हचेही तेच. व्हॉल्व्ह उघडतो कॅमच्या धक्क्याने, पण मिटतो स्प्रिंगच्या जोराने. फेरे फार वाढले की स्प्रिंगला तो वेळेत परत आणता येत नाही आणि वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो.

मग मोठा ब्लॉक कमी फेऱ्यांत काम भागवतो म्हणून सुरक्षितच, असे समजायचे का? पिस्टनचा सरासरी वेग काढून बघा : धाव गुणिले दोन, गुणिले दर सेकंदाचे फेरे. झेड-२८ साठी ७,००० फेऱ्यांवर तो १७.८ मीटर प्रतिसेकंद येतो. ४५४ ची धाव ४ इंच (१०१.६ मि.मी.) आहे, तिथे हाच वेग ५,२५० फेऱ्यांवर गाठला जातो आणि ७,००० वर तो २३.७ होतो. लांब धावेच्या, जड पिस्टनच्या इंजिनाला जास्त पळवायचे म्हटले की तेही तितकेच महाग पडते, किंबहुना अधिकच. त्याचा फायदा त्याला पळवण्यात नाही; पळवावे लागत नाही, यात आहे.

श्वासाचा मुद्दा राहिला. मोठ्या ब्लॉकच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह वेगवेगळ्या कोनांत कललेले असतात. झाकण काढले की त्यांच्या दांड्या वाटेल तशा उभ्या दिसतात, म्हणून या इंजिनाला 'साळिंदर' असे टोपणनाव पडले. या कलण्यामुळे मोठे व्हॉल्व्ह मावतात. एलएस-६ चा हवा घेणारा व्हॉल्व्ह २.१९ इंच व्यासाचा, झेड-२८ चा २.०२ इंच. क्षेत्रफळांची तुलना केली तर साळिंदराचा व्हॉल्व्ह साडेसतरा टक्क्यांनी मोठा. पण भरायचे आकारमान मात्र ५० टक्क्यांनी मोठे! लिटरमागे बघितले तर छोट्याचेच नाक मोकळे आहे आणि म्हणून तो ७,००० फेऱ्यांवरही दमत नाही.

नाकावरचे वजन

पूर्ण लोखंडी छोट्या ब्लॉकचे वजन सुमारे २६० किलो, मोठ्याचे सुमारे ३१०. पन्नास किलो म्हणजे काही फार नाही, असे वाटेल. पण ते वजन गाडीच्या अगदी पुढच्या टोकाला येते आणि सोबत जड गिअरबॉक्स, मोठा रेडिएटर, जाड स्प्रिंगा हा लवाजमाही आणते. काठीच्या मध्यावर वजन बांधून काठी वळवा, मग तेच वजन टोकाला बांधून वळवा. फरक मनगटाला कळेल. वळणावर जड नाकाची गाडी सरळ जाऊ पाहते आणि पुढचे टायर आधी घसरतात.

आणि गंमत अशी की सरळ रस्त्यावरही जास्तीची शक्ती नेहमी उपयोगी पडत नाही. १,६०० किलोची गाडी घ्या. मागची चाके ओढणारी आणि जोराने निघताना एकूण भारापैकी ५४ टक्के त्यांच्यावर आहे असे धरा. घर्षणगुणांक ०.९ मानला तर टायर रस्त्याला फार तर ७,६०० न्यूटनने ढकलू शकतात. चाकांपर्यंत ३०० अश्वशक्ती (२२४ किलोवॅट) पोहोचत असेल, तर शक्ती भागिले बल केल्यावर वेग येतो सुमारे साडेएकोणतीस मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी १०६ किलोमीटर. या वेगापर्यंत गाडीला अडवतो तो टायर, इंजिन नव्हे. आणखी शंभर अश्वशक्ती घातली तर टायरचा धूर वाढेल, गाडी लवकर निघणार नाही. म्हणून पाव मैलाच्या (४०२ मीटर) सरळ शर्यतीसाठी मोठा ब्लॉक बसवणारे आधी मागच्या रुंद, मऊ टायरांवर पैसे घालतात.

शेव्हरोलेप्रमाणे फोर्ड कंपनीकडेही इंजिनांची अशीच दोन घराणी होती. इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचा छोटा ब्लॉक घालून १९६२ साली कोब्रा ही गाडी तयार झाली. १९६५ साली तिच्यात ४२७ घन इंचांचा, सात लिटरचा मोठा ब्लॉक घालायचे ठरले, तेव्हा सांगाडाच बदलावा लागला. त्याच्या मुख्य नळ्या तीन इंचांच्या होत्या त्या चार इंचांच्या केल्या आणि जुन्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांऐवजी वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आल्या.

याच फोर्डने फ्रान्समधील ल मां येथे चोवीस तासांच्या शर्यतीत दोन्ही घराणी उतरवली. १९६४ साली फोर्डच्या नव्या गाड्या ४.२ लिटरच्या इंजिनांनी आल्या आणि एकही शेवटपर्यंत टिकली नाही. १९६६ साली जीटी-४० मार्क-२ मध्ये सात लिटरचा मोठा ब्लॉक होता. कमी फेऱ्यांवर, फारसा ताण न घेता चालणारे इंजिन चोवीस तास टिकेल, हा हिशेब खरा ठरला. पहिले तिन्ही क्रमांक फोर्डला मिळाले. पण ताण नाहीसा झाला नव्हता, तो ब्रेकवर गेला होता. तिथल्या सुमारे सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्याच्या शेवटी गाडीला ताशी ३२० वरून ५५ च्या आसपास यावे लागे. गाडी १,२५० किलोची धरली तर दर फेरीला जवळजवळ ४८ लाख ज्यूल ऊर्जा घालवायची. थोडी हवा घालवते, थोडी इंजिन. पण एवढ्या उष्णतेने ३० अंशांचे सोळा लिटर, म्हणजे घागरभर पाणी उकळीला येईल! ब्रेकच्या तबकड्या शर्यतीतच झटपट बदलता याव्यात म्हणून खास रचना करावी लागली होती.

१९६७ ची शर्यतही सात लिटरनेच जिंकली. मग नियम बदलले. १९६८ पासून अशा गाड्यांना पाच लिटरची मर्यादा आली आणि मोठा ब्लॉक बाद झाला. जॉन वायर यांच्या संघाने जीटी-४० मध्ये ४.९ लिटरचा छोटा ब्लॉक बसवून १९६८ ची शर्यत जिंकली, आणि १९६९ ची पुन्हा त्याच गाडीने. सांगाड्याचा क्रमांक १०७५. १९६९ ला चोवीस तासांनंतर दुसऱ्या गाडीत आणि तिच्यात जेमतेम सव्वाशे मीटरचे अंतर होते. अंतरे पाहा : १९६६ चा सात लिटरचा विजेता ४,८४३ किलोमीटर गेला, १९६७ चा ५,२३२, आणि १९६९ चा ४.९ लिटरचा ४,९९८. मोठे इंजिन वेगवान होतेच. पण दोन लिटर काढून घेऊनही छोट्याने १९६६ च्या विजेत्याला मागे टाकले. मध्ये टायर आणि इंजिनांचे हेडही सुधारले होते, हे खरे.

तर आता तुमची गाडी. ती वळणावळणाच्या रस्त्यावर धावणार असेल, तर माझे मत छोट्या ब्लॉकच्या बाजूने आहे. उरलेले पैसे ब्रेक, टायर आणि चांगल्या हेडवर घालावेत. सुटे भाग मुबलक व स्वस्त मिळतात, कारण छोट्या ब्लॉकची इंजिने कोट्यवधींनी निघाली. जड गाडी, मागे ओढायचा भार, किंवा सरळ पाव मैल एवढेच काम असेल तर मोठा ब्लॉक शांतपणे, कमी फेऱ्यांत ते उरकतो. फक्त पेट्रोलचे बिल पाहताना तक्रार करू नये. सावकाश चालवतानाही तो थ्रॉटलच्या बंद झडपेमागून हवा ओढण्यात इंधन वाया घालवतो. ज्याचे इंजिन दुप्पट पण ब्रेक जुनेच, अशा गाडीत मात्र बसू नये.

२००६ सालच्या कॉर्व्हेट झेड-०६ मध्ये शेव्हरोलेने एलएस-७ नावाचे इंजिन घातले. सिलिंडरांतील अंतर तेच, १९५५ चे ४.४ इंच, म्हणजे घराणे छोट्या ब्लॉकचे. पण आकारमान ४२७ घन इंच! ठोकळा अ‍ॅल्युमिनियमचा. शक्ती ६,३०० फेऱ्यांवर ५०५ अश्वशक्ती, आणि तीही नव्या, कडक पद्धतीने मोजलेली. चाळ तीच, खोल्या मोठ्या ब्लॉकच्या. त्याची धाव ४ इंच आणि फेऱ्यांची मर्यादा ७,०००, म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग २३.७ मीटर प्रतिसेकंद, जो आपण वर ४५४ साठी काढला होता. तो सोसता यावा म्हणून कनेक्टिंग रॉड पोलादाऐवजी हलक्या टायटॅनियम धातूचे करावे लागले. हवा घेणारे व्हॉल्व्हही टायटॅनियमचेच आहेत.